साडेपाच फुटांची माणसं आणि दहा फुटांवरची रिंग

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज तीनदा येऊन पडला. आधी शाळेच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या आणि तिसऱ्यांदा चक्क सख्ख्या मेव्हण्याकडून. सारांश असा: फिलिपिन्सची माणसं साडेपाच फुटांची, पण अमेरिकेने गळ्यात मारलेल्या बास्केटबॉलमागे सगळा देश खुळा. त्यात त्यांनी कधी काही जिंकलं नाही. त्या एका खेळापायी बाकीचे खेळ मेले, ऑलिंपिकमध्ये शंभर वर्षांत एक सुवर्ण नाही. आता तर पोरं तेही सोडून मोबाईलवर गेम खेळत बसतात. शेवटी 'क्रिकेटवेड्या भारता, वेळीच जागा हो!' आणि हात जोडलेल्या तीन इमोजी.

क्रिकेटबद्दल काय ते बोला, माझी ना नाही. पण मी बारा वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, आणि त्यातली बहुतेक वर्षं आजूबाजूला फिलिपिनोच होते. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) फिलिपिनो, फिटर फिलिपिनो, कुकही. त्यामुळे गप्प बसवेना.

आधी उंची. खरं तर साडेपाच फूट हाही जरा उदार हिशेब आहे, सरासरी त्याहून कमीच भरेल. पण 'कधी काही जिंकलं नाही' हे कुठून काढलं? १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये फिलिपिन्स पाचवं आलं. हरले ते फक्त अमेरिकेकडून. ज्या मेक्सिकोने कांस्य नेलं, त्यांनाही यांनी हरवलं होतं. १९५४ साली रिओच्या विश्वचषकात तर कांस्यपदकच मिळवलं आणि कार्लोस लॉयझागाची स्पर्धेतल्या सर्वोत्तम पाचांत निवड झाली. आशियातल्या दुसऱ्या कुठल्याही पुरुष संघाला आजवर तिथपर्यंत पोचता आलेलं नाही. चीनलाही नाही, आणि चीनकडे साडेसात फुटी याओ मिंग होता. आशियाई स्पर्धांतली पहिली चारही सुवर्णं यांचीच. त्यातलं पहिलं १९५१ साली आपल्याच दिल्लीत.

त्यानंतर मात्र दुष्काळ पडला हे खरं. १९६२ नंतरचं सुवर्ण थेट २०२३ साली हांगझोऊमध्ये. पण ते कसं मिळालं बघा. उपांत्य फेरीत समोर चीन, चीनच्याच घरात, आणि वीस गुणांची पिछाडी. तिथून जस्टिन ब्राउनलीने सामना ओढून आणला: ७७-७६. अंतिम सामन्यात जॉर्डनला हरवलं. ब्राउनली मूळचा अमेरिकन, नागरिकत्व दिलेला खेळाडू, हे कुणी म्हणेल. म्हणू दे. जॉर्डनच्या संघातही तसाच एक होता.

आता 'अमेरिकेने गळ्यात मारलेला' हे. बास्केटबॉल अमेरिकनांनीच आणला, १९१०च्या सुमारास, शाळांमधून आणि वायएमसीएमधून. यात वाद नाही. मग क्रिकेट काय देहूहून आलं होतं? खेळ कुठून आला याने फार काही कळत नाही, आल्यावर त्याचं लोकांनी काय केलं ते बघावं लागतं. फिलिपिन्समध्ये गावाचं सगळ्यात लहान एकक म्हणजे बारांगाय, आपल्या ग्रामपंचायतीसारखं. बहुतेक बारांगायला एक कोर्ट असतं, जमलं तर वर पत्र्याचं छप्पर. तिथे सामने होतात, मतदान होतं, लसीकरण होतं, वादळ आलं की लोक मुक्कामाला येतात. दुपारी कोणी नसेल तर तिथेच भात वाळत घालतात. आपल्याकडे देवळासमोरच्या मंडपाची जी जागा, ती तिथे कोर्टाची. कोर्ट नसेल तिथे नारळाच्या झाडाला रिंग ठोकलेली. खेळणारे चपला घालून, नाहीतर अनवाणी.

हे मी ऐकून सांगत नाही. आमच्या बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, एकदा रिकामं जहाज घेऊन तीन आठवड्यांचा प्रवास होता. होल्ड, म्हणजे माल भरायची कोठी, धुऊन वाळला आणि दुसऱ्याच दिवशी फिटरने उरलेल्या सळईची रिंग वळली, प्लायवूडचा तुकडा मागे लावला आणि शिडीच्या बाजूला बांधून टाकली. टेप लावून उंची मोजली: बरोबर दहा फूट, नियमात असते तेवढीच. मी म्हटलं, अरे, तुमच्याच सोयीने आठ फुटांवर लावा की. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी पिच दहा यार्डांची करा म्हणालो. संध्याकाळी डेक विरुद्ध इंजिन. जहाज डावीकडे कललं की बॉल आपसूक डावीकडच्या टीमचा, त्यामुळे दर पाच मिनिटांनी बाजू बदलायची असा नियम केलेला. पन्नाशीचा बोसन, पाच फूट तीन इंच, पोट सुटलेलं. तो पाठ करून उभा राहायचा, खांद्यावरून बघायचा आणि मागच्या मागे पास द्यायचा. आमचा सहा फुटी पंजाबी थर्ड इंजिनियर नुसता हात वर करून उभा.

याच बोसनने मला, म्हणजे जहाजावरच्या सेकंड इंजिनियरला, विचारलं होतं, "सेकंड, तुमच्या गावात रिंग कुठे लावतात?" म्हटलं, आमच्या गुहागरात रिंगच नाही. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

त्यांची व्यावसायिक लीग, पीबीए, १९७५ची. आशियातली पहिली. गंमत म्हणजे संघ शहरांच्या नावाचे नाहीत, कंपन्यांच्या मालाच्या नावाचे आहेत. सगळ्यात लाडका संघ हिनेब्रा म्हणजे चक्क जिनचा ब्रँड. त्याचा खेळाडू-प्रशिक्षक रॉबर्ट जावोर्स्की इतका लोकप्रिय की १९९८ साली थेट सिनेटवर निवडून गेला. आणि याच लीगमध्ये १९९६ साली मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला जॉनी अबारिएंतोस. उंची पाच फूट सात इंच. मेसेजवाल्याने टेप घेऊन जावं.

'बाकीचे खेळ मेले' यावर तर मला हसूच आलं. आशियातला पहिला बुद्धिबळ ग्रँडमास्टर कोण? युजीन टोरे, १९७४. आपला आनंद ग्रँडमास्टर झाला १९८८ साली. आणि तो लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे मनिलात राहिला होता. तिथल्या टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा, शेवटी एक कोडं. हा शाळेत असायचा, आई कोडं उतरवून ठेवायची आणि संध्याकाळी दोघं सोडवून पाठवायची. बक्षीस म्हणून पुस्तक. इतकी बक्षिसं झाली की शेवटी त्यांनी सांगितलं, हवी तेवढी पुस्तकं एकदम घेऊन जा, पण आता उत्तरं पाठवू नकोस. बास्केटबॉलने बाकीचे खेळ मारलेल्या देशात दुपारच्या टीव्हीवर हे चालू होतं! बिलियर्ड्समध्ये एफ्रेन रेयेस, बॉक्सिंगमध्ये आठ वजनी गटांत विश्वविजेता झालेला पॅकियाओ, ही नावं वेगळी सांगायला नकोत. २०२३ साली त्यांच्या मुली पहिल्यांदाच फुटबॉलच्या विश्वचषकात गेल्या आणि यजमान न्यूझीलंडला वेलिंग्टनमध्ये १-० हरवून आल्या. आणि कायद्याने राष्ट्रीय खेळ बास्केटबॉल नाहीच, २००९पासून आर्निस आहे: वेताच्या काठ्यांचा, आपल्या लाठीच्या जातकुळीतला.

सुवर्णाचं म्हणाल तर मेसेज लिहिणाऱ्याचं कॅलेंडर २०२१च्या जुलैआधीच थांबलेलं दिसतं. हिदिलिन दियास, झांबोआंगाच्या ट्रायसिकल (मोटरसायकलला जोडलेली तिथली रिक्षा) चालवणाऱ्या बापाची पोर. करोनात मलेशियात अडकली, जिम बंद, तर बांबूला पाण्याचे कॅन बांधून वजनं उचलत राहिली. टोकियोत ५५ किलो गटात २२४ किलो उचलून देशाचं पहिलं सुवर्ण. पहिल्यांदा ऑलिंपिकला गेल्यापासून सत्त्याण्णव वर्षं लागली, हे कबूल. त्याआधी तिला पैशांसाठी समाजमाध्यमांवर हात पसरावा लागला होता, हेही कबूल. पण तो दोष क्रीडा कारभाराचा, बास्केटबॉलचा कशाला? पुढे पॅरिसमध्ये कार्लोस युलोने जिम्नॅस्टिक्समध्ये लागोपाठ दोन दिवसांत दोन सुवर्णं घेतली. त्या पॅरिसमध्ये आपली सुवर्णं किती? शून्य. धडा कोणी कोणाकडून घ्यायचा ते मेव्हण्याने ठरवावं.

राहता राहिला मोबाईल. ते लोक ज्यासाठी जीव टाकतात तो गेम म्हणजे मोबाईल लेजेंड्स, पाच विरुद्ध पाच. २०२० साली टिकटॉकबरोबर त्याच्यावरही आपल्याकडे बंदी आली, म्हणून आपल्याला तो माहीत नाही, इतकंच. त्याच्या जागतिक स्पर्धेत दुसऱ्यापासून सहाव्या पर्वापर्यंत ओळीने पाच वेळा फिलिपिन्सचा संघ जिंकला. २०१९च्या आग्नेय आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदा पदकं होती, तिथेही यांनी तीन सुवर्णं घेतली. पोरं गेम खेळत 'बसतात' हे खरंय. गल्लीतल्या पिसोनेटमध्ये, म्हणजे पेटीत एक पेसो टाकला की काही मिनिटं चालणाऱ्या कॉम्प्युटरसमोर, शाळा बुडवून बसणारेही आहेत. पैजा लावणारेही आहेत. बास्केटबॉलच्या स्कोअरच्या शेवटच्या आकड्यावर आमचा कुकसुद्धा लावायचा आणि हरायचा. पण 'बास्केटबॉल सोडून' म्हणाल तर २५ ऑगस्ट २०२३ला विश्वचषकाच्या सामन्याला मनिलाजवळच्या अरीनात ३८,११५ माणसं होती. विश्वचषकाच्या इतिहासातली सगळ्यात जास्त.

तो सामना ते हरले. पुढचे तीनही हरले. शेवटी चीनला हरवलं तेवढंच.

पुढच्या वर्षी जुलैत रीगाच्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत त्यांनी यजमान लाटव्हियाला हरवलं, मग ब्राझीलकडून हरले आणि पॅरिस हुकलं. मी बोसनला लिहिलं, वाईट वाटलं रे. तो आता घरी असतो, बाकोलोदजवळ. उत्तर आलं: "सेकंड, चौसष्ट वर्षांनी युरोपच्या संघाला हरवलं. वाईट कशाचं?" आणि मिनिटभराने दुसरं: "गुहागरात रिंग लागली का?"