प्रत्येक नायक ड्यूकच कसा?

रीजन्सी काळातल्या, म्हणजे 1811 ते 1820 च्या इंग्लंडमधल्या प्रेमकादंबऱ्या मी आवडीने वाचते, पण काल रात्री आणखी एक अर्ध्यावर मिटली आणि संयम संपला. तेव्हा अख्ख्या ब्रिटनमध्ये ड्यूक, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाचे सरदार, जेमतेम तीसच्या आसपास होते. मग प्रत्येक नायक तिशीतला, देखणा, अविवाहित ड्यूकच कसा निघतो? एकोणीस वर्षांची नायिका वडिलांचा विरोध झुगारून लंडनमध्येच लग्न कशी लावते? 1753 च्या कायद्याने एकविशीच्या आत पालकांना लग्न अडवता येत असे, म्हणून तर जोडपी हा कायदा लागू नसलेल्या स्कॉटलंडमध्ये, सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावी पळत होती! आणि नवी नवरी वारशाच्या पैशांच्या कागदावर एकटीच सही करते? वेगळा करार नसेल, तर लग्न लागताच तिची रोकड नवऱ्याची होत असे आणि ते पूर्णपणे बदलायला 1882 चा कायदा यावा लागला. तिला सही करायला लावून लेखक तिची खरी लढाईच खोडून टाकतात!