चौतीसची ओळ, सहाचा खाना

बारावी सायन्सच्या फिजिक्सच्या पेपराला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणजे गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीवर आणणारा आकड्यांचा छापील तक्ता. म्हणजे बघून लिहायला बोर्डाचीच परवानगी! तरी आमच्या सांगलीत घरोघरी रडारड असतेच. वर्षभर सूत्रं घोकलेली असतात, पण बघायचं कुठं हे कुणी घोकत नाही.

346.7 चा लॉग काढायचाय. दशांश चिन्हाच्या डावीकडं तीन आकडे, त्यातून एक वजा, म्हणून पूर्णांक 2. मग चौतीसची ओळ, सहाचा खाना: 5391. त्याच ओळीत उजवीकडच्या बारीक खान्यांत सातखाली 9. बेरीज 5400, म्हणजे उत्तर 2.5400. बोट एक ओळ घसरून पस्तिसावर गेलं, की 5391 च्या जागी 5514 येतात आणि पुढच्या गणिताचा पार इस्कोट. ओळीखाली पट्टी धरावी. पारदर्शक नको, तिच्यातनं खालची ओळ डोळा मारते.

दुसरा खड्डा अँटिलॉगचा, म्हणजे लॉगवरून परत मूळ आकडा काढायच्या तक्त्याचा. घाईत पानच चुकतं. लॉगचा पहिला खाना 10 पासून सुरू होतो, अँटिलॉगचा .00 पासून, हे मात्र पाठच पाहिजे. आणि 0.003467 ला पूर्णांक येतो बार 3, म्हणजे 3 च्या डोक्यावर आडवी रेघ. त्यातला 3 तेवढा उणे, .5400 अधिकच. उणे 3.54 लिहिलं की गेले मार्क.

थोडक्यात, बघायलासुद्धा पाठांतर लागतंच. शब्दकोशात ‘क्षमा’ शोधून बघा. काही कोशांत ती ‘क’च्या पोटात असते, काहींत पार शेवटी ‘ज्ञ’च्या शेजारी. मुळाक्षरं कच्ची असतील तर क्षमा मिळणं कठीण. मोबाईलवर शोधावं म्हणाल, तर सनावळी बघायला उघडलेला फोन अर्ध्या तासानं भडंगाच्या फोडणीवर थांबलेला असतो. (भडंग चांगलं होतं, ते वेगळं.)

पावकी-दिडकीवाल्या, म्हणजे पाव-दीडचे पाढे घोकलेल्या पिढीला मी हसत नाही. पस्तीस रुपये किलोचा दोडका दीड किलो घेतला, तर भाजीवाली पिशवी उघडेस्तोवर त्यांचे साडेबावन्न तयार.

उरलेली सांगली सनावळ्यांत नापास. पण आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी झोपेतून उठवून विचारा. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका, 2019 ला 57 च्या वर गेली होती. याचा क्लास कुणी लावलेला नाही. रोजची पातळी मात्र घोकून उपयोग नाही. ती मोबाईलवरच बघायची, कोयनेतून किती सोडलंय त्यासकट.

तशात ऑगस्टमधल्या रात्री शेजारच्या खिडकीतून आवाज येतो, “किती झाली रे?”

“बेचाळीस फूट तीन इंच, काका.”

“म्हणजे धोक्याला पावणेतीन फूट कमी. गाडी वर काढून ठेव.”