एक-एक एकराचे प्लॉट पाडून गाव हिरवं राहत नाही

मुंबईकरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. कर्जत, मुरबाड, अलिबाग वाचवायचं तर दर घरामागे किमान एक एकर सक्तीचा करा. घरं जवळजवळ बांधू दिलीत तर गावाची चाळ होईल. आणि मोकळी सोडलेली जमीन शेवटी बिल्डरच गिळेल. लिहिणाऱ्यांची गावाबद्दलची कळकळ खरी आहे. पण ही मागणी मान्य झाली, तर गाव अधिकच लवकर संपेल.

आधी एकराचा हिशोब. 40 एकरांच्या पट्ट्यात एक-एक एकरावर 40 घरं बसवली की पट्टा संपला. प्रत्येक तुकड्याला कुंपण, फाटक, बोअरवेल, सेप्टिक टँक आणि रस्त्याचा फाटा. तीच 40 घरं 10-10 गुंठ्यांवर बांधली तर 10 एकर पुरतात. रस्ते आणि सांडपाण्याच्या सामायिक सोयीला आणखी तीन-चार एकर धरा, तरी 25 एकरांहून जास्त जमीन सलग उरते.

ही सलगताच गाव जगवते. भातखाचरात पाणी वरून खाली, एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं. मध्येच कोणी भराव टाकून भिंत घातली की वर पाणी तुंबतं आणि खालचं खाचर वाळतं. वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या उतारावरचं गवत, राबासाठीचा (भाताच्या रोपांच्या जागेवर जाळायचा) पाला, गुरांची वाट, ओढ्याचा काठ, यातलं काहीच एकेका एकराच्या कुंपणात टिकत नाही. तिथे उरतं ते लॉन.

शिवाय एक एकर एकच राहील याची खात्री काय? तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. 2023 मध्ये राज्याने प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेतजमिनीच्या तुकड्याची किमान मर्यादा, जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10 गुंठे केलं. म्हणजे जिरायत एकराचे दोन आणि बागायत एकराचे चार तुकडे त्या कायद्यात बसतात.

घरं जवळ म्हणजे चाळ, हे तर आपल्या जुन्या गावांवरच अन्याय करणारं आहे. कोकणातली वाडी दाटीचीच असते. भोवती शेती, पलीकडे गुरचरण आणि डोंगर. वांद्रे, कुर्ल्याची गावठाणंही अशीच होती. भोवतालची शेतं इमारतींखाली गेली, म्हणून ती आज कोंदट वाटतात.

बिल्डरची भीती मात्र रास्त आहे, आणि मुंबईने ती भोगली आहे. सोसायट्यांच्या वाट्याची मोकळी मैदानं पोडियमच्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगच्या मजल्यांच्या, छतावर चढवली जात होती. शेवटी डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कोहिनूर प्रकरणात सांगावं लागलं, की नियमातली किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. म्हणून नुसतं ‘जागा मोकळी ठेवू’ हे आश्वासन मीही मानणार नाही. लेआउट मंजूर होतानाच त्या जमिनीचा बांधकामाचा हक्क कायमचा संपला पाहिजे, तशी नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत हवी, आणि ती जमीन कोण कसणार, कोण राखणार हेही तिथेच लिहिलेलं हवं. ओढ्याचं पात्र आणि तीव्र उतार दाखवून ‘ही घ्या मोकळी जागा’ म्हणता येऊ नये. तिथे तसंही कोणी घर बांधलं नसतं.

राज्याच्या बांधकामाच्या एकात्मिक नियमावलीत 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला 10 टक्के मोकळी जागा लागते. बागेला ती पुरेल, शेतीला नाही. अमेरिकेत नियोजनकार रँडल अरेंट यांनी मांडलेल्या पद्धतीत क्रमच उलटा आहे: राखायची जमीन नकाशावर आधी आखायची, मग घरांच्या जागा, मग रस्ते, आणि प्लॉटच्या रेषा सगळ्यात शेवटी. त्यात बांधण्याजोग्या जमिनीपैकीही निम्मी किंवा जास्त राखली जाते. आपल्या ग्रामीण लेआउटसाठी हाच क्रम सक्तीचा करा, ही मागणी करायला हवी.

जमीनमालकाचंही यात नुकसान नाही. घरं तेवढीच, रस्ता आणि विजेची लाइन आखूड. उलट एक एकराची सक्ती झाली, तर त्याच गावातल्या तरुणाला स्वतःच्या गावात घर बांधणं परवडणार नाही. तो एकर मुंबईहून शनिवार-रविवारी येणाराच घेईल.