शंभरने गुणणं बंद करा

मी जर्मनीत शिकते. सुट्टीत ठाण्याला येऊन आज बारावा दिवस आणि माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. नौपाड्यातल्या आमच्या घरी जो येतो तो दोनच प्रश्न विचारतो. पहिला, "तिकडे कॉफी केवढ्याला गं?" मी सांगते, तीन युरो. की लगेच शंभरने गुणायचं! "बाई गं, तीनशे रुपयांची कॉफी? आणि तू पितेस?" हातातला चहा संपायच्या आत दुसरा प्रश्न, "वर्ष होत आलं, एकही जर्मन मैत्रीण नाही तुझी?"

अहो, कशी होणार? पहिलं अख्खं सेमिस्टर मी तुमचंच ऐकलं ना!

निघायच्या आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, 11,904 युरो भरावे लागले. बाबांनी कर्ज काढलं. त्यातून महिन्याला 992 हातात येतात आणि खोलीचं भाडं, आरोग्य विमा गेला की निम्म्याहून जास्त संपलेले असतात. उधळायचं नाही हे मला कुणी शिकवायला नको. पण मी काय केलं, तर प्रत्येक गोष्ट गुणली. पाव गुणला, कांदे गुणले, माणसंही गुणली.

डिसेंबरमधली गोष्ट. लॅबमधली चौघं ख्रिसमस मार्केटला निघाली होती, मलाही घेऊन गेली. बोटं गारठलेली, समोर गरम मसाला वाइनचा आणि मुलांच्या बिनदारूच्या पेयाचा स्टॉल. फळ्यावर पेयाचे चार युरो आणि खाली कपाचं डिपॉझिट तीन. माझ्या डोक्यात सातशे रुपये उभे राहिले. कप परत दिला की डिपॉझिट परत मिळतं, हे मला माहीतच नव्हतं. पोटात दुखतंय म्हणाले आणि ट्राम पकडून खोलीवर आले. पुढे दोनदा बोलावलं, दोनदा अभ्यासाचं कारण दिलं. मग बोलावणंच बंद झालं.

आपल्याकडे दोनदा नको म्हटलं तरी तिसऱ्यांदा हाताला धरून पानावर बसवतात. तिथे नको म्हणजे नको. ते मान ठेवतात हो तुमच्या 'नको'चा! पण हे कुणी सांगितलं होतं मला? ठाण्यातल्या ज्या कन्सल्टंटकडे पैसे मोजले, त्याने तीन तास व्हिसा आणि बँकेवर घेतले आणि शेवटी सल्ला काय, तर "आपल्याच लोकांबरोबर रूम घ्या, खर्च वाचेल." वाचला. चार मराठी मुली, एक कुकर आणि सहा महिन्यांत माझं जर्मन 'पिशवी नको'च्या पुढे गेलं नाही.

आणि खर्च तरी किती असतो? बिल देताना वेटर विचारतो, एकत्र की वेगवेगळं, आणि प्रत्येक जण आपापलं देतो. कुणाचं बिल तुमच्या गळ्यात पडत नाही. सफरचंदाचा रस आणि सोडा मिसळलेली एक शोर्ले घेऊन दोन तास गप्पा मारता येतात. माझ्यासारख्या परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे आणि 2026मध्ये किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. म्हणजे ती कॉफी माझ्या जेमतेम तेरा मिनिटांच्या कामाची आहे. मी कमावते युरोत, खर्च करते युरोत. मध्ये तुमचा रुपया कुठून आला?

उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीच्या बॅडमिंटनला नाव घातलं. तिथे एक मुलगी भेटली, आता दर मंगळवारी खेळून झाल्यावर आम्ही बाहेर जेवतो. हे सांगितलं तर काका म्हणाले, "पैसे भरून बॅडमिंटन? इथे सोसायटीत फुकट खेळायचीस की!" हेच काका गेल्या रविवारी घोडबंदर रोडला एका जेवणाचे चार हजार देऊन आले. तेव्हा कुणी भागाकार केला नाही.

ज्यांना विचारायचा हक्क आहे, ज्यांच्या पगारातून हप्ता जातो, त्या बाबांनी आजवर एकदाही हिशोब मागितला नाही. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "जेवायला कोण असतं गं बरोबर?" सगळे असतात, म्हणाले मी. रात्रीचे नऊ वाजले होते, तिघी झोपल्या होत्या आणि मी लॅपटॉपसमोर एकटी मुगाची खिचडी खात होते.