‘कोड हाताने लिहिला तर काय बिघडते?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कृष्णेच्या पाणीपातळीच्या नोंदी डीडीएसवरून, म्हणजे वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये माहिती पोचवणाऱ्या एका प्रमाणित व्यवस्थेवरून, पाठवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा, की चार-पाच रकान्यांच्या नोंदीसाठी आयडीएल फाइल (नोंदीची रचना सांगणारी, कोणत्याही एका भाषेशी न बांधलेली व्याख्या) लिहायची, तिच्यातून कोड निर्माण करणारा कंपायलर चालवायचा आणि कोणी कधी वाचणार नाही एवढा कोड प्रकल्पात आणायचा, हा द्राविडी प्राणायाम आहे. तेवढे स्ट्रक्ट (रकाने एकत्र ठेवणारी रचना) आणि बाइटांत रूपांतर करणारी फंक्शने कोणीही दुपारभरात लिहील.

लिहील, यात वाद नाही. पण मुद्दा टंकनाचे श्रम वाचवण्याचा नाहीच. लेखातल्या नोंदीत आधी पातळी मोजणाऱ्या केंद्राचा क्रमांक, म्हणजे एक ऑक्टेट (1 बाइट), आणि मग पातळी, म्हणजे एक डबल (8 बाइटांची अपूर्णांकी संख्या), असा क्रम आहे. डीडीएस नोंदी बाइटांत मांडते त्या मूळ सीडीआर पद्धतीत डबल 8 बाइटांच्या सीमेवर सुरू व्हावा लागतो, म्हणून मध्ये 7 बाइट मोकळे सुटतात. एक्ससीडीआर या तिच्या विस्तारित रूपाच्या दुसऱ्या आवृत्तीत ही सीमा जास्तीत जास्त 4 बाइटांची असल्याने तिथे 3च सुटतात. हाताने लिहिणारा सी प्लस प्लसमध्ये सरळ मेमकॉपी करतो, म्हणजे स्ट्रक्टचे बाइट जसेच्या तसे उचलतो, आणि त्याच्या यंत्रावर सगळे बिनबोभाट चालते. पलीकडे जावात लिहिणाऱ्याने 3 बाइट सोडून वाचायला सुरुवात केली, की पातळीच्या जागी भलताच आकडा येतो. त्रुटीचा संदेश येत नाही. आकडाच येतो, आणि आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा व 45 फुटांना धोका मानणाऱ्या सांगलीत तो आकडा कोणीतरी खरा धरून चालतो.

आयडीएल हे कोर्बा या जुन्या, प्रोग्रॅम जोडणाऱ्या मानकाच्या काळातले जोखड आहे, असेही आपण म्हणता. कोर्बा 1991चे, हे खरे. पण ‘की’ आणि ‘अपेंडेबल’ ही ॲनोटेशने (व्याख्येत जोडायच्या खुणा) त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली, आणि माझ्या मते खरी किंमत त्यांचीच आहे. केंद्राच्या क्रमांकावर ‘की’ लिहिले, की प्रत्येक केंद्र हा वेगळा इन्स्टन्स ठरतो, म्हणजे त्याच्या नोंदी स्वतंत्र जपल्या जातात. ते राहून गेले आणि शेवटची एकच नोंद जपण्याचे धोरण असले, तर अंकली केंद्राची नोंद आयर्विन पुलाच्या नोंदीला बाहेर ढकलते. ‘अपेंडेबल’ प्रकारात एक्ससीडीआरची दुसरी आवृत्ती नोंदीच्या आधी तिची लांबी लिहिते, म्हणून उद्या आपण शेवटी कोयना धरणाच्या विसर्गाचा रकाना जोडला, तरी जुना वाचक आपल्या ओळखीचे तेवढे वाचून उरलेले ओलांडून जातो. हे सगळे हातानेही जमेल, मात्र ते दोन्ही टोकांना, दोन भाषांत आणि दर बदलाला पुन्हा जमवावे लागेल.

बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याची प्रक्रिया, किचकट होते, ही तक्रार मात्र रास्त आहे. ओपनडीडीएस या डीडीएसच्या मुक्त अंमलबजावणीत एका आयडीएल फाइलमधून टाइपसपोर्टची आणखी एक आयडीएल फाइल निघते आणि ती पुन्हा टाओ या कोर्बा-लायब्ररीच्या कंपायलरमधून जाते. हा क्रम मेकफाइलमध्ये स्वतः बसवणे कंटाळवाणे काम आहे. सीमेक या बिल्ड-साधनासाठी त्यांनी तयार सोय दिली आहे, तीच वापरावी. आणि दोन्ही टोके एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच भाषेत असतील, तर आपल्या म्हणण्याप्रमाणे साधे स्ट्रक्टच ठेवावे. तिथे मीही आयडीएल लिहिणार नाही.

आयडीएलमधून निर्माण झालेला कोड गिटमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या नोंदवहीत, ठेवावा का, हा आपला शेवटचा प्रश्न. मी ठेवत नाही. तिथे तो दिसला, की कोणीतरी त्यात हाताने दुरुस्ती करते आणि पुढच्या बिल्डमध्ये ती पुसली जाते. ज्याच्याकडे कोड द्यायचा त्याच्याकडे आयडीएल कंपायलर नसेल, तेवढाच अपवाद मी करतो.