घोळ, रुपये साडेतीनशे

बिल अजून शर्टाच्या खिशात आहे. बायको दोनदा म्हणाली, फेकून दे. फेकवत नाही. त्यातली चौथी ओळ मी रोज एकदा काढून वाचतो.

आईची पासष्टी होती. मुलीने इन्स्टाग्रामवरून मुळशीकडचं एक रेस्टॉरंट शोधलं. भाजी स्वतःच्या वाफ्यात पिकवणार, तिथेच खुडणार, तिथेच रांधणार. आगाऊ पैसे भरल्याशिवाय टेबल मिळत नाही. भरले.

जेवणाआधी 'फार्म वॉक' करावाच लागतो. भूक लागलेल्या माणसाला गमबूट चढवून चिखलात फिरवतात. नारायणगावच्या ज्या चिखलातून पंचवीस वर्षांपूर्वी पाय काढून मी पुण्याला पळालो, त्यातच पुन्हा उतरायला माणशी पैसे मोजले होते.

वाफे दाखवायला एक मुलगा होता. वय असेल तेवीस-चोवीस, अंगात तागाचा एप्रन, कानाला माईक. ऐकणारे आम्ही चौघं, तेही हातभर अंतरावर, तरी माईक. "ही फार्म-टू-टेबल कॉन्सेप्ट बेसिकली कॅलिफोर्नियाची," त्याने सुरुवात केली. "१९७१ साली ॲलिस वॉटर्स यांनी बर्कलीत शे पानीस हे रेस्टॉरंट सुरू केलं, आणि तिथून ही मूव्हमेंट..."

"एकाहत्तर?" आई म्हणाली. "पुढच्याच साली आपल्याकडं दुष्काळ. तवा अमेरिकेहून लाल मिलो आली होती. गुरंसुदीक तोंड फिरवायची. आता ह्ये धाडलं व्हय?"

मुलगा गोड हसला. मिलो म्हणजे लाल ज्वारी, त्याला ती दुधात घालायची पावडर वाटली असावी. तो पुढच्या वाफ्याकडे वळला. काळ्या पाटीवर खडूने इंग्रजीत नाव लिहिलेलं, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या आणि मधे जमिनीलगत पसरलेली लालसर देठांची, जाड पानांची वेल.

"आणि हे मॅम, आमचं पर्सलेन."

"परसातलंच हाय," आई म्हणाली. "परसात, बांधावर, उकिरड्यावर, कुठंबी येतं. घोळ हाय ह्यो."

"नाही मॅम, हे पर्सलेन. ओमेगा-थ्री असतं यात."

"ते बी असंल. पन घोळ हाय." आणि कोणाला काही कळायच्या आत तिने साडी खोचली आणि वाफ्यात बसली. चाळीस वर्षं खुरपलेला हात. मुळासकट उपटायचं, माती झटकायची, डाव्या बाजूला ढीग. मुलगा कॅलिफोर्नियातून परत येईपर्यंत निम्मा वाफा मोकळा झाला होता.

"मॅम! मॅम, प्लीज! काकू! अहो काकू, ती आमची सिग्नेचर डिश आहे!"

'मॅम'पासून 'काकू'पर्यंत यायला त्याला चार सेकंद लागली. माईक चालूच असल्यामुळे हा आक्रोश सगळ्या बागेने ऐकला. पलीकडच्या झोपाळ्यावरचं एक जोडपं उठून उभं राहिलं. आई मात्र शांत. "आरं बाळा, किती माजू दिलाय! बी पडायच्या आत काढ, न्हाईतर वर्सभर निस्तरत बसशील. खुरपं हाय का? हातानं वेळ लागतोय."

मुलीने हे सगळं मोबाइलवर टिपलं. मी टोमॅटोच्या वेलीकडे अत्यंत रस घेऊन पाहत होतो.

जेवण बरं होतं, म्हणजे थोडं होतं. 'आमच्या मातीतला टोमॅटो' या नावाने चार फोडी आल्या, चारशे वीस रुपयांना. हात धुवायला मागे गेलो तर स्वयंपाकघराच्या दाराशी निळे क्रेट रचलेले, त्यांवर मार्केट यार्डातल्या आडत्याचं नाव. मी काही बोललो नाही. टोमॅटोच्या बाबतीत माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मे २०२३ मध्ये धाकट्या भावाने माल बाजारात नेला तेव्हा भाव किलोला दोन-तीन रुपये होता. तोडणीची मजुरी आणि टेम्पोचं भाडं त्याने पदरचं भरलं, आणि राहिलेला माल बांधावर ओतला. जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला. तेव्हा आमच्या रानात टोमॅटो नव्हता आणि टीव्हीवर शेतकरी करोडपती झाल्याच्या बातम्या होत्या. नातेवाइकांनी त्या भावाला पाठवल्या, अभिनंदनासकट. असो. फोडी गोड होत्या.

मग बिल आलं. चौथी ओळ: 'फॉरेजिंग एक्सपीरियन्स, पर्सलेन, रु. ३५०'.

मंडईतून भाजी आणली तर जीएसटी शून्य. ती शिजून टेबलावर आली की पाच टक्के. हा घोळ शिजला नव्हता, टेबलावरही आला नव्हता, आईने खाली बसून उपटला होता. तरी साडेसतरा रुपये.

आईने चष्मा लावून वाचायला सांगितलं. ऐकून घेतलं. मग वेटरला विचारलं, "ह्यात माझी मजुरी वजा केली का?"

"सॉरी मॅम?"

"खुरपणीची. आमच्याकडं बाई दिवसाला तीनशे घेती. मी निम्माच वाफा काढला, शंभर धर."

मला वाटलं, तो हसेल. तो आत विचारायला गेला! पाच मिनिटांनी परत आला, चेहऱ्यावर खरोखरीचा खेद घेऊन. "मॅम, आमच्या सिस्टिममध्ये तो ऑप्शन नाहीये."

उपटलेला घोळ त्यांनी खाकी पिशवीत घालून, सुतळीने बांधून दिला. वर एक कार्ड: 'प्रेमाने पिकवलेलं'. पेरणारा कोणी नव्हता, काढणारी माझी आई होती, पण प्रेम त्यांचं.

गाडीत आई पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसली होती. पौडच्या पुढे आल्यावर म्हणाली, "बहात्तरला आमच्या आयनं ह्योच शिजवला. महिनाभर. डाळ नव्हती, नुसतं मीठ. म्या रडायचे खाताना." मुलीने कानातले हेडफोन काढले, पण आई पुढे काही बोलली नाही.

रात्री तिने मूगडाळ घालून, लसणाची फोडणी देऊन घोळ केला. तीनशे सदुसष्ट रुपये पन्नास पैशांची भाजी म्हणून मी ताट बोटाने पुसलं. दाताखाली कचकच लागली, नीट धुतली गेली नव्हती. माती मात्र त्यांच्याच वाफ्यातली होती. बिलात पुन्हा पाहिलं, तिचे पैसे लावलेले नाहीत.