पाल, एनटीएससी आणि पडवीतली ट्यूब

कॅमेरे बसवण्याचं माझं काम देवगड तालुक्यात. गिऱ्हाइकं दोन प्रकारची: बाजारातले दुकानदार, आणि मुंबईत राहून गावचं बंद घर मोबाईलवर बघणारे चाकरमानी. या दुसऱ्यांकडून एकच फॉरवर्ड मला इतक्यांदा आलाय, की आता उत्तर लिहूनच ठेवतो.

त्या फॉरवर्डचं सार असं. कॅमेरेवाले तुमचा कॅमेरा मुद्दाम ‘पाल’वर (PAL) ठेवून सेकंदाला २५ फ्रेमला, म्हणजे २५ चित्रांना बांधतात. सेटिंगमध्ये जाऊन ‘एनटीएससी’ करा, ३० फ्रेम मिळतील, चित्र स्पष्ट होईल, रात्री गाडीचा नंबर वाचता येईल. आयपी (नेटवर्कवर चालणाऱ्या) कॅमेऱ्यात ही नावं उगाच उरलीत, त्यामुळे तोटा काहीच नाही. आणि डिस्क लवकर भरत असेल तर फ्रेम निम्म्या करा, दुप्पट दिवस साठतील.

‘नावं उगाच उरलीत’ हे निम्मं खरं आहे, ते आधी मान्य करतो. पाल आणि एनटीएससी या अ‍ॅनालॉग रंगीत टीव्हीच्या पद्धती. १९८२ साली एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं ते पालवर: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेच्या एनटीएससीत ५२५ रेषा आणि ३०ला जेमतेम कमी चित्रं. आयपी कॅमेऱ्यात त्या रेषाही नाहीत आणि ती रंगपद्धतही नाही. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन्हीकडे चार मेगापिक्सेलचाच राहतो. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत याच ठिकाणी पालला ५० हर्ट्झ आणि एनटीएससीला ६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं, आणि गोम तिथे आहे. हा आकडा विजेचा, सेकंदाला तिच्या किती फेऱ्या होतात त्याचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०ची. (जपानात तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०.) अमेरिकेत बसून कुणी ‘३० ठेवा’ म्हणत असेल तर त्याच्या घरी ते बरोबरच आहे.

तोटा काहीच नाही, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी खोटं पडताना पाहिलंय. डोंबिवलीच्या एका काकांनी तिथूनच अ‍ॅपवरून गावच्या कॅमेऱ्याचं सेटिंग बदललं. दिवसभर सगळं झकास, कारण सूर्य काही ५० हर्ट्झवर चालत नाही. रात्री साडेअकराला मला फोन. “पडवीत कोण बॅटरी मारता काय रे? सारखो उजेड हलता. आणि मोबाईल टणटण वाजता!” त्यांच्या पडवीत जुनी चोकवाली ट्यूब आहे, ती रात्रभर चालू असते. ती विजेच्या प्रत्येक फेरीत दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर (एका चित्रासाठी उजेड घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाची पूर्ण आवर्तनं बसतात आणि सगळी चित्रं सारखी येतात. ६० हर्ट्झ केलं की कॅमेरा स्वतःहून १/६०, १/१२० धरतो. मग आवर्तन मधेच कापलं जातं, कुठल्या फ्रेमला जास्त उजेड, कुठल्या फ्रेमला कमी. त्यात सेन्सर चित्र वाचतो ओळीओळीने, म्हणून भिंतीवर आडवे काळसर पट्टे सरकताना दिसतात. त्या सरकत्या पट्ट्यांना कॅमेरा हालचाल समजला आणि रात्रभर अलर्ट पाठवत बसला.

लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर घर आलं तरी आकडा ५०च असतो, त्यामुळे पावसाळ्यासाठी वेगळं काही करायला नको. जनरेटरचा वेग वरखाली झाला की पट्टे ५०लाही येतात. समुद्रकाठच्या हॉटेलवाल्यांनी तेवढ्यापुरतं मला शिव्या घालू नयेत.

आता त्या जास्तीच्या पाच फ्रेम. दोन चित्रांमधलं अंतर ४० मिलिसेकंदांवरून ३३वर येतं. अंगणातून चालणारा माणूस तेवढ्यात साडेपाच सेंटिमीटरऐवजी साडेचार-पावणेपाच सेंटिमीटर सरकतो. चोर एवढा बारीक नसतो. उलट बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहायचा तो आकडा) २०४८ किलोबिटवर बांधलेला असेल तर तेवढ्याच डेटात जास्त चित्रं कोंबावी लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. अंगणाला १२-१५ फ्रेम पुष्कळ झाल्या. दुकानाच्या गल्ल्यावर, जिथे नोटा मोजणारी बोटं बघायची असतात, तिथे मी २५ ठेवतो.

नंबर प्लेटचं तर फ्रेमशी फारसं देणंघेणंच नाही. रात्री शटर १/२५ सेकंद उघडं असेल तर ताशी २० किलोमीटरने जाणारी बाईक तेवढ्यात २२ सेंटिमीटर पुढे जाते. दुचाकीची मागची प्लेट २० सेंटिमीटर रुंद. गाडी कॅमेऱ्यासमोरून तिरकी गेली तरी यातला बराच भाग चित्रात उतरतो आणि आकडे एकमेकांत मिसळतात. सेकंदाला २५ काढा नाहीतर ३० काढा, सगळी चित्रं तशीच फरफटलेली. तिथे शटर लागतं. १/२५०वर तीच बाईक दोन सेंटिमीटरच्या थोडीच वर सरकते, आणि कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) उजेडाने पांढरीफटक होणारी प्लेटही आटोक्यात येते. बाकी चित्र काळोखं होतं, ते सोसायचं. म्हणूनच गेटवर नंबरासाठी वेगळा कॅमेरा लावा म्हणतो, तेव्हा लोकांना वाटतं मी धंदा वाढवतोय.

डिस्कचं गणितही चुकलंय. बिटरेट २०४८ला स्थिर असेल तर एक कॅमेरा दिवसाला साधारण २२ जीबी लिहितो, मग फ्रेम २५ असोत की १०. चार कॅमेऱ्यांना एक टीबी जेमतेम अकरा दिवस. दिवस वाढवायचे तर बिटरेट कमी करा. बदलता बिटरेट ठेवला तर फ्रेम कमी केल्याचा फायदा होतो, पण निम्म्यावर येत नाही, कारण रिकाम्या अंगणाच्या जादा फ्रेम तशाही थोडक्यात भागतात. आणि फ्रेम कमी करताना शेजारचा आय-फ्रेमचा आकडा (किती फ्रेमनंतर एक पूर्ण चित्र, मधल्यांत फक्त बदल) हमखास विसरला जातो. तो ५० असेल तर २५ फ्रेमवर दर दोन सेकंदांनी पूर्ण चित्र मिळतं, १० फ्रेमवर पाच सेकंदांनी. मग मोबाईलवर कॅमेरा उघडला की पूर्ण चित्र येईपर्यंत काळी चौकट बघत बसायचं, आणि दोष नेटवर्कला.

काकांचं सेटिंग मी परत ५० हर्ट्झ केलं, १५ फ्रेम, आय-फ्रेम ३०. पट्टे गेले, अलर्ट थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन: चित्र अजून धुरकट येतंय, एकदा ६० करून बघू या काय? शिडी लावून वर चढलो. काचेसमोर कोळ्याने झकास जाळं विणलं होतं, रात्री इन्फ्रारेडचा उजेड त्याच्यावरच पडत होता. केरसुणीने काढलं.